तिसऱ्या खेपेस उघडलेले दार

१९८४ सालचा गुढीपाडवा एप्रिलच्या दोन तारखेला आला होता. घरोघरच्या गुढ्या उतरल्या, साखरेच्या गाठी मुलांनी फस्त केल्या आणि दुसऱ्या दिवशी, मंगळवारी संध्याकाळी साडेसहा वाजून गेल्यावर, कझाकस्तानातील बैकोनूर येथून एक अग्निबाण आकाशात झेपावला. त्याच्या टोकाशी असलेल्या ‘सोयूझ टी-११’ या यानात तीन माणसे बसली होती. दोघे रशियन, तिसरे आपल्या वायुदलाचे पस्तीस वर्षांचे स्क्वाड्रन लीडर राकेश शर्मा.

त्या प्रवासाची एक आठवण आपल्याकडे घरोघर जपलेली आहे. दूरदर्शनच्या पडद्यावर एकीकडे पंतप्रधान इंदिरा गांधी, दुसरीकडे पृथ्वीपासून शेकडो किलोमीटर उंचीवर तरंगणारे शर्मा. वरून भारत कसा दिसतो, असे इंदिराबाईंनी विचारले आणि शर्मांनी इक्बालच्या सर्वांना पाठ असलेल्या गीताच्या पहिल्या ओळीने उत्तर दिले. तेव्हा ज्याच्याकडे संच असेल त्या शेजाऱ्याच्या घरी दाटीवाटीने बसून ते पाहणारी मुले आज पन्नाशी ओलांडून गेली. परंतु ते उत्तर अजून त्यांच्या कानांत आहे.

आठवण राहिली ती एवढीच. शर्मांच्या डाव्या-उजव्या हाताला कोण बसले होते, हे दहा जणांना विचारले तर एखाद्यालाच सांगता येईल. वास्तविक त्या यानातील सर्वांत विलक्षण कथा डावीकडच्या खुर्चीवर बसलेल्या गृहस्थांची आहे. त्यांचे नाव गेनाडी स्ट्रेकालोव्ह. ज्या अवकाशस्थानकाकडे ते तिघे निघाले होते, त्याच्या दाराशी पोहोचण्याची स्ट्रेकालोव्ह यांची ही तिसरी खेप. पहिल्या खेपेस दार काही हातांवर असताना परतावे लागले होते. दुसऱ्या खेपेस तर जमीन सोडण्यापूर्वीच त्यांच्या खालचा अग्निबाण पेटला होता. आणि त्या गोष्टीला जेमतेम सहा महिने लोटले होते!

तीन खुर्च्यांची खोली

ही हकीकत नीट समजायची तर आधी ते यान कसे असते हे पाहायला हवे. अवकाशयान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ऐसपैस दालने येतात. सोयूझचा जो भाग माणसांना घेऊन परत येतो, तो सुमारे सव्वादोन मीटर व्यासाचा, घंटेच्या आकाराचा डबा. आपल्याकडच्या चाळीतल्या मोरीपेक्षा फार मोठा नव्हे! त्यात तीन खुर्च्या खांद्याला खांदा लावून मांडलेल्या. त्यांत बसायचे म्हणजे पाठीवर निजून गुडघे पोटाशी घ्यायचे. मधल्या खुर्चीवर यानाचा नायक, डावीकडे अभियंता, उजवीकडे संशोधक प्रवासी.

या उजवीकडच्या, म्हणजे तिसऱ्या खुर्चीलाही इतिहास आहे. १९७१ च्या जून महिन्यात ‘सोयूझ ११’ मधून तिघे रशियन वीर जगातल्या पहिल्या अवकाशस्थानकात राहून परत येत होते. वाटेत एक झडप अवेळी उघडली आणि यानातली हवा निघून गेली. यान ठरल्याप्रमाणे उतरले. दार उघडले तेव्हा तिघेही गतप्राण झालेले होते. जागा अपुरी म्हणून त्यांनी हवाबंद पोशाख घातले नव्हते. त्यानंतर रशियनांनी पोशाख सक्तीचे केले आणि त्यांना जागा हवी म्हणून एक खुर्ची काढून टाकली. पुढे नऊ वर्षांहून अधिक काळ सोयूझमधून दोघेच जात. सुधारलेले ‘सोयूझ टी’ यान तयार झाल्यावर १९८० च्या नोव्हेंबरात पुन्हा तिघे उडाले. लिओनिद किझिम, ओलेग माकारोव्ह आणि आपले हे स्ट्रेकालोव्ह. त्यांचा तो पहिलाच प्रवास. किझिम यांचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. ते पुढे पुन्हा भेटणार आहेत.

स्ट्रेकालोव्ह हे लढाऊ विमानांचे चालक नव्हते. मॉस्कोजवळच्या मितिश्ची या गावी १९४० साली त्यांचा जन्म झाला. बाउमान तंत्रविद्यालयातून ते अभियंता झाले आणि जेथे सोयूझ याने घडतात त्याच संस्थेत नोकरीस लागले. यानाचा कोणता खिळा कोठे आहे हे ठाऊक असलेला माणूस त्याच यानात बसून जाई, असा तो मामला होता.

पाहुण्यांची रीत

परक्या देशांच्या प्रवाशांना बरोबर नेण्याची पद्धत सोव्हिएत रशियाने १९७८ साली सुरू केली. त्या वर्षी २ मार्चला चेकोस्लोव्हाकियाचे व्लादिमीर रेमेक गेले. रशियन किंवा अमेरिकन नसलेला अवकाशात गेलेला पहिला माणूस तो. मग पोलंड, पूर्व जर्मनी, बल्गेरिया, हंगेरी, व्हिएतनाम, क्यूबा, मंगोलिया, रुमानिया असे एकामागून एक देश आले आणि १९८२ मध्ये फ्रान्सही आला. यामागे राजकारण होते हे उघड आहे. चेक लोकांनी तर यावर एक विनोद रचला होता. रेमेक परतला तेव्हा त्याचे हात लाल झालेले होते. का? तर यानातल्या कोणत्याही कळीला तो हात लावू लागला की रशियन नायक त्याच्या हातावर चापट मारी!

विनोद सोडून दिला तरी प्रवासातला धोका पाहुण्यालाही सारखाच. १९७९ च्या एप्रिलमध्ये बल्गेरियाचे गिओर्गी इव्हानोव्ह स्थानकाजवळ पोहोचले असताना यानाचे मुख्य इंजिन ऐनवेळी बंद पडले. राखीव इंजिनावर भिस्त ठेवून आणि नेहमीपेक्षा कितीतरी अधिक दाब सोसून ते कसेबसे जमिनीवर आले. पाहुणा उंबरठ्यावरूनच परत फिरला. त्यांच्या यानाचे नायक होते निकोलाय रुकाविश्निकोव्ह. हेच रुकाविश्निकोव्ह पुढे भारतीय पाहुण्यासाठी अभियंता म्हणून नेमले गेले.

पहिली खेप : सुई हरवली

१९८२ च्या एप्रिलमध्ये रशियनांनी ‘सॅल्यूत ७’ हे नवे स्थानक सोडले. सुमारे सोळा मीटर लांब, जवळजवळ एकोणीस टनांचे ते घर दर दीड तासाला पृथ्वीप्रदक्षिणा करी. पुढच्या वर्षी, २० एप्रिल १९८३ रोजी, स्ट्रेकालोव्ह त्याच्याकडे निघाले. नायक होते व्लादिमीर तितोव्ह आणि तिसरे अलेक्झांडर सेरेब्रोव्ह.

स्थानक आणि यान यांची गाठ घालणे ही भलतीच अवघड गोष्ट असते. दोघेही ताशी सुमारे अठ्ठावीस हजार किलोमीटर वेगाने धावत असतात. पण शेवटच्या क्षणी एक दुसऱ्याला टेकायचे ते सेकंदाला जेमतेम फूटभर गतीने. शिवाय अवकाशातला न्याय उफराटा. पुढच्याला गाठायचे म्हणून तुम्ही जोर लावलात की तुमचे यान वरच्या कक्षेत चढते आणि उलट मागेच पडते! म्हणून अंतर किती, वेग किती, हे क्षणोक्षणी मोजणारे उपकरण लागते. सोयूझवरच्या त्या उपकरणाला रशियन लोक ‘इग्ला’ म्हणत. इग्ला म्हणजे सुई.

यान कक्षेत गेले आणि पाहतात तो सुई मुकी! वर चढताना यानावर जे आच्छादन असते ते फेकले गेले, तेव्हा त्याच्याबरोबर या उपकरणाची आकाशकांबही ओढली जाऊन तुटली होती. खरे तर तेथूनच परतायचे. परंतु तितोव्हनी नुसत्या डोळ्यांच्या अंदाजावर, जमिनीवरून मिळणाऱ्या आकड्यांच्या आधाराने, स्थानक गाठायचे ठरवले.  यान जवळ जवळ गेले. अंतर दोनशे मीटरांच्या आत आले. तेवढ्यात पृथ्वीची सावली आली. अंधारात समोरचे एकोणीस टनांचे धूड अंगावर येत आहे, आपला वेग जास्त झाला आहे, असे तितोव्हना वाटले आणि टक्कर टाळण्यासाठी त्यांनी यान खाली वळवून स्थानकाच्या बाजूने काढले. पुन्हा प्रयत्न करायला इंधन उरले नाही. दोन दिवसांत तिघे रिकाम्या हातांनी घरी आले.

दुसरी खेप : दीड मिनिट आधी

त्याच वर्षीचा सप्टेंबर महिना. स्थानकात दोघे वीर तीन महिन्यांपासून राहत होते. त्यांची जागा घेण्यासाठी तितोव्ह आणि स्ट्रेकालोव्ह या जोडीला पुन्हा धाडायचे ठरले. २६ सप्टेंबरच्या रात्री दोघे यानात बसले. १९६१ साली युरी गागारीन ज्या ओट्यावरून निघाला होता तोच तो ओटा. खाली तीनशे टनांच्या वर वजनाचा अग्निबाण. त्यातले बहुतेक वजन केरोसीन आणि द्रवरूप प्राणवायू यांचे.

सुटायला सुमारे दीड मिनिट उरले असता अग्निबाणाच्या तळाशी इंधनाची एक झडप नीट मिटली नाही. इंधन सांडले आणि भडका उडाला. वरच्या दोघांना यातले काहीच दिसत नव्हते. खिडक्यांवर आच्छादन होते. यान थरथरले एवढे त्यांना जाणवले.

अशा प्रसंगासाठी सोयूझच्या टोकावर एक लहानसा सुटकेचा अग्निबाण बसवलेला असतो. मोठ्याला काही झाले तर हा धाकटा पेट घेतो आणि माणसांचा डबा उचलून दूर नेतो. पण तो पेटवण्याची कळ आत बसलेल्यांच्या हाती नव्हती. ती जमिनीवर होती. आणि जमिनीवरून वर जाणाऱ्या तारा तर आगीने जाळून टाकल्या होत्या. उरला तो बिनतारी संदेश. तो हुकूमही एकट्याने देता येत नसे. दोन निरनिराळ्या खोल्यांतल्या दोन माणसांनी ठरावीक सेकंदांच्या आत आपापली कळ दाबायची, तरच तो वर जाई. एकाच्या चुकीने चांगला अग्निबाण वाया जाऊ नये म्हणून केलेली ही सोय. आज तिच्यावरच दोन जीव टांगले होते.

दोघांनीही कळ दाबली. धाकटा अग्निबाण पेटला आणि डबा वर फेकला गेला. पाच सेकंदांच्या त्या झेपेत आतल्या माणसांवर त्यांच्या वजनाच्या चौदा ते सतरा पट भार पडला. पासष्ट किलोचा माणूस त्या क्षणी एक टनाचा झाला म्हणायचा! पुढच्या काही सेकंदांतच मागे मोठा अग्निबाण फुटून ओट्यावर कोसळला. डबा छत्रीच्या आधाराने सुमारे चार किलोमीटरवर उतरला. अंग ठेचकाळले होते, पण हातपाय धड होते. ओटा मात्र कितीतरी तास धडधडत राहिला. ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ असे आपण म्हणतो, ते याहून नेमके कोठे लागू पडावे?

ओट्यावर उभा असलेला अग्निबाण पेटला असताना आतली माणसे अशा तऱ्हेने वाचल्याचे जगात आजवर हे एकच उदाहरण आहे.

भारतातून गेलेले दोघे

हे सारे घडत होते तेव्हा मॉस्कोजवळच्या तारानगरीत दोन भारतीय वैमानिक रशियन भाषेतल्या पुस्तकांशी झुंजत होते. राकेश शर्मा आणि विंग कमांडर रवीश मल्होत्रा. १९८२ च्या सप्टेंबरात त्यांचे शिक्षण सुरू झाले होते. शर्मा मूळचे पतियाळाचे, वाढले हैदराबादेत, आणि सैनिकी शिक्षणाचा श्रीगणेशा त्यांनी केला तो आपल्या पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या प्रबोधिनीत, १९६६ साली. १९७१ च्या युद्धात मिग विमानातून त्यांनी एकवीस वेळा शत्रूच्या मुलखावर झेप घेतली होती. निवडीच्या वेळी बंगळूरच्या वायुदलाच्या संस्थेत उमेदवारांना बंद खोलीत एकटे कोंडून, मन किती टिकते हेही तपासण्यात आले होते.

तारानगरीतले सगळे शिक्षण रशियनमधून. नायकाचा हुकूम आला की मनातल्या मनात भाषांतर करायला सवड नाही. म्हणून आधी भाषा, मग यंत्रे. दोघांनी सारखेच कष्ट केले. जाणार मात्र एकच होता. शर्मांची निवड झाली आणि मल्होत्रा राखीव राहिले. राखीव माणसाने करायचे काय, तर पहिल्या माणसाइतकीच तयारी ठेवायची, आणि तिचा उपयोग होऊ नये अशी इच्छा धरायची! मल्होत्रांच्या जोडीला राखीव तुकडीत बेरेझोव्होय आणि ग्रेच्को हे दोन नामांकित रशियन होते. तेही सगळे शिकले, सगळे जाणत होते, आणि जमिनीवर राहिले.

शर्मांच्या यानाचे नायक युरी मालिशेव्ह. १९८० साली ‘सोयूझ टी-२’ मध्ये यानाचा गणकयंत्राने चालवलेला प्रवास शेवटच्या टप्प्यात बिघडला, तेव्हा यान हाती घेऊन त्यांनी ते स्थानकाला बिनचूक जोडले होते. अभियंता म्हणून रुकाविश्निकोव्ह होते हे वर आलेच आहे. पण उड्डाणाला थोडे दिवस उरले असताना ते आजारी पडले आणि त्यांच्या जागी दुसरे नाव आले. स्ट्रेकालोव्ह!

येथे क्षणभर थांबून विचार करावासा वाटतो. एखाद्या घाटात आपली मोटार दरीच्या काठावरून परत आली तर पुढे कित्येक महिने त्या घाटाचे नाव काढू नये असे आपल्याला वाटते. येथे एका वर्षात दोनदा मुखभंग झालेला, त्यांतून एकदा मृत्यूच्या जबड्यातून निघालेला माणूस, तशाच अग्निबाणावरच्या तशाच डब्यात पुन्हा जाऊन निजायला तयार होतो. आणि त्याच्या शेजारच्या शेजारी हजारो कोसांवरून आलेला एक परका प्रवासी त्याच्या यंत्रज्ञानावर विसंबून डोळे मिटतो. निरनिराळ्या देशांची माणसे एका यानात बसतात, तेव्हा झेंड्यांची आणि भाषणांची वर्णने पुष्कळ छापून येतात. यानात खरोखर असते ते एवढेच. आपला जीव दुसऱ्याच्या हाती द्यायचा आणि त्याचा आपल्या हाती घ्यायचा.

तिसरी खेप

गागारीनचा ओटा अजून दुरुस्त झालेला नव्हता. म्हणून ३ एप्रिलला ‘सोयूझ टी-११’ बैकोनूरच्या दुसऱ्या ओट्यावरून निघाले. या वेळी झडपा मिटल्या, आकाशकांब जागेवर राहिली, सुई बोलू लागली. नऊ मिनिटांच्या आत यान कक्षेत पोहोचले. तिघांची एकत्र हाक मारायची खूण ‘युपितेर’, म्हणजे आपला गुरू ग्रह. स्थानकात आधीपासून राहणाऱ्या तिघांची खूण ‘मायाक’, म्हणजे दीपस्तंभ. दुसऱ्या दिवशी गुरू दीपस्तंभाला जाऊन मिळाला.

मधले दार उघडले तेव्हा पलीकडे यजमान म्हणून कोण होते? १९८० साली स्ट्रेकालोव्हना पहिल्या प्रवासास नेणारे तेच लिओनिद किझिम! त्यांच्यासोबत व्लादिमीर सोलोव्योव्ह आणि डॉक्टर ओलेग अत्कोव्ह. हे तिघे फेब्रुवारीपासून तेथे होते. ज्या घरात शिरण्यासाठी वर्षभर धडपड चालली होती, त्याचे दार शेवटी जुन्या सोबत्याने उघडावे, हा योग काही निराळाच.

पाहुण्यांचे पहिले काम मोठे मजेदार होते. सोयूझमधल्या प्रत्येक खुर्चीवर त्या त्या माणसाच्या पाठीचा साचा घेऊन केलेली बैठक असते; उतरताना बसणारा धक्का तिच्यामुळे सोसतो. तिघांनी परतायचे होते ते मात्र किझिम यांच्या जुन्या यानातून, कारण सोयूझची अवकाशात राहण्याची मुदत ठरलेली असते. नवे यान यजमानांसाठी ठेवायचे आणि जुने आपण न्यायचे. म्हणून आल्या आल्या तिघांनी आपापल्या बैठका या यानातून उचलून त्या यानात नेऊन बसवल्या. पाहुण्याने पंगतीला येताना आपला पाट बरोबर आणावा, तशातलाच प्रकार!

पाहुण्यांनी खाऊही नेला होता. म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने रव्याचा शिरा, बटाटे घातलेले छोले आणि भाज्यांचा पुलाव टिकाऊ करून दिला होता. सहा जणांनी तो वाटून खाल्ला. पृथ्वीपासून तीनशे किलोमीटरांवर शिऱ्याचा घास हवेत सोडून तोंडाने झेलायचा, ही कल्पनाच आपल्या घरातल्या बाळगोपाळांना किती गोड वाटेल!

सात दिवसांचा संसार

वजन नाहीसे झाले की शरीराचा गोंधळ उडतो. रक्त पायांकडून डोक्याकडे धावते, तोंड सुजते, नाक चोंदते. वर कोणते आणि खाली कोणते हे कानातल्या तोलयंत्राला कळेनासे होऊन मळमळू लागते. योगासनांच्या सवयीने यावर काही उतार पडतो का, हे पाहण्याचे काम शर्मांकडे होते. जमिनीवर आसन करताना आपले वजनच आपल्याला धरून ठेवते. तेथे हात उचलला की सबंध माणूसच उलटा फिरणार! म्हणून लवचिक दोऱ्यांचा पट्टा अंगाभोवती बांधून शर्मा आसने करीत आणि डॉक्टर अत्कोव्ह त्यांच्या प्रकृतीची नोंद घेत.

दुसरे काम आपल्या देशाची छायाचित्रे घेण्याचे. निरनिराळ्या रंगांचा प्रकाश वेगवेगळा टिपणाऱ्या छायाचित्रकांतून भारताच्या मोठ्या भागाची चित्रे घेण्यात आली. जंगल कोठे, पाणी कोठे, बर्फ किती, हे त्यांवरून वाचता येते. स्थानक भारत ओलांडून जायला काही मिनिटेच घेई. तेवढ्यात ढग नसतील तर काम साधायचे. इंदिराबाईंच्या प्रश्नाला मिळालेल्या त्या काव्यमय उत्तरामागे असे घड्याळ लावून केलेले निरीक्षण होते, हे सहसा कोणी सांगत नाही.

त्याच आठवड्यात, ६ एप्रिलला, अमेरिकेचे ‘चॅलेंजर’ यान पाच जणांना घेऊन वर गेले. एका वेळी अकरा माणसे अवकाशात असण्याचा तो त्या काळचा उच्चांक. दोन महासत्ता खाली एकमेकींवर डोळे वटारून बसल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट.

११ एप्रिलला मालिशेव्ह, स्ट्रेकालोव्ह आणि शर्मा किझिम यांच्या यानात बसले. वातावरणात शिरताना डब्याभोवती ज्वाळा उठतात, मग छत्री उघडते आणि जमीन हातभर उरली असता तळाचे लहान बाण पेटून धक्का कमी करतात. कझाकस्तानच्या गवताळ माळावर, अर्कालिकच्या परिसरात, यान टेकले. सात दिवस, एकवीस तास, चाळीस मिनिटे एवढा तो प्रवास झाला.

भारत सरकारने शांतताकाळातील शौर्याचे सर्वोच्च पदक, अशोकचक्र, शर्मांना दिले. आणि त्यांच्याबरोबर मालिशेव्ह व स्ट्रेकालोव्ह यांनाही दिले. परदेशी माणसांच्या छातीवर अशोकचक्र लागल्याचा तो पहिलाच प्रसंग. मल्होत्रांना कीर्तिचक्र मिळाले. जमिनीवर राहिलेल्या माणसाचीही तयारी मोजली गेली, हे त्यावेळच्या कारभाऱ्यांच्या समजूतदारपणाचे लक्षण म्हटले पाहिजे.

त्यानंतर

त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला इंदिराबाईंची हत्या झाली. ‘सॅल्यूत ७’ स्थानक १९९१ च्या फेब्रुवारीत पृथ्वीच्या वातावरणात जळून गेले आणि ते वर्ष सरता सरता सोव्हिएत राष्ट्रही नकाशावरून नाहीसे झाले. शर्मा पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये गेले. काही वर्षे आपल्या नाशिकलाही त्यांनी विमानांच्या चाचण्या घेतल्या. तितोव्ह १९८७ च्या डिसेंबरात वर गेले ते सबंध एक वर्ष ‘मीर’ स्थानकात राहून आले. मालिशेव्ह १९९९ मध्ये वारले.

आणि स्ट्रेकालोव्ह? त्यांनी तारानगरीत खुर्ची टाकून आठवणी सांगत बसायचे होते; पण ते १९९० मध्ये पुन्हा उडाले आणि १९९५ मध्ये पुन्हा. त्या शेवटच्या खेपेस त्यांच्या यानात नॉर्मन थागार्ड हे अमेरिकन गृहस्थ होते. रशियन अग्निबाणातून गेलेला तो पहिला अमेरिकन. परक्या पाहुण्याला सांभाळून नेण्याचे काम पुन्हा स्ट्रेकालोव्ह यांच्याकडेच आले, आणि परतताना सर्वजण अमेरिकेच्या ‘अटलांटिस’मधून खाली आले. २००४ च्या नाताळात स्ट्रेकालोव्ह यांनी जगाचा निरोप घेतला.

त्यांचा वारसा पुढे चालू राहिला आहे. ११ ऑक्टोबर २०१८ रोजी रशियाचे ओव्हचिनिन आणि अमेरिकेचे हेग यांचा अग्निबाण वाटेतच बिघडला. सुटकेच्या बाणांनी त्यांचा डबा दूर नेला, दोघे सुखरूप उतरले, आणि पाच महिन्यांनी तीच जोडी पुन्हा उडाली.

शर्मांनंतर मात्र भारताला एक्केचाळीस वर्षे थांबावे लागले. २५ जून २०२५ रोजी ग्रुप कॅप्टन शुभांशू शुक्ल फ्लॉरिडातून निघाले आणि दुसऱ्या दिवशी आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकात पोहोचले. नायिका होत्या अमेरिकेच्या पेगी व्हिटसन. सोबत पोलंडचे उझ्नान्स्की आणि हंगेरीचे टिबोर कापू. भारत, पोलंड, हंगेरी या तिन्ही देशांनी आपापला पहिला वीर त्या जुन्या रशियन सोयूझमधूनच धाडला होता, हा योगायोग ध्यानात घेण्याजोगा आहे. याही वेळी उड्डाण पुढे पुढे ढकलले गेले. एक कारण असे, की अग्निबाणातून द्रवरूप प्राणवायू गळत असल्याचे आढळले होते. वर्तमानपत्रे वाचताना आपल्यापैकी पुष्कळांना त्या खोळंब्याचा कंटाळा आला असेल. स्ट्रेकालोव्हना आला नसता. न मिटलेली एक झडप काय करू शकते, हे त्यांनी सोसले होते. याही वेळी एक राखीव भारतीय होते, प्रशांत बालकृष्णन नायर. त्यांनीही सगळी तयारी केली आणि ते जमिनीवर राहिले.

शर्मांना घेऊन आलेला तो घंटेच्या आकाराचा डबा आज दिल्लीच्या नेहरू तारांगणात ठेवलेला आहे. उतरतानाच्या उष्णतेने तो होरपळून काळा पडला आहे. सुटीत मुलांना घेऊन दिल्लीस जाल तेव्हा तो जरूर पाहा. उजवीकडची खुर्ची आपल्या माणसाची, हे मुलांना कौतुकाने सांगाच. आणि डावीकडे कोण बसले होते तेही सांगा.